ह्रांत शामलियानचे रविवार

ग्रँट शॉला लोक ओळखायचे, पण नावाने नाही. बरबँकच्या बाजारात टोमॅटो निवडताना एखादी बाई थबकायची, त्याच्याकडे टक लावून बघायची आणि म्हणायची, आपण कुठंतरी भेटलोय. तुम्ही माझ्या नणंदेच्या लग्नात होतात का? तो हसून म्हणायचा, असेन. खरं सांगायचं तर यादी फार लांबली असती. पंचावन्न वर्षांत त्याने टीव्हीवर दोनशेहून जास्त कामं केली होती. मेक्सिकन दरोडेखोर, अरब शेख, ग्रीक खानावळवाला, इटालियन गुंड, रशियन कर्नल, तीन वेगवेगळ्या देशांचे हुकूमशहा. रंग गव्हाळ, नाक धारदार आणि भुवया अशा दाट, की मेकअपवाल्या बाईचं अर्धं काम आपोआप व्हायचं. त्याची एजंट लॉरेन त्याच्या तोंडावर सांगायची, "तू जगातल्या कुठल्याही देशाचा शोभतोस, आपला देश सोडून."

तो जन्मला होता मात्र कॅलिफोर्नियातच, फ्रेझ्नोजवळच्या फाउलर गावी. जन्मनाव ह्रांत शामलियान. वडिलांची चाळीस एकर द्राक्षबाग होती, बेदाण्याची. विसाव्या वर्षी तो लॉस एंजेलिसला आला, पेट्रोल पंपावर कामाला लागला, आणि तिथे गाडी भरायला आलेल्या एका एजंटाने त्याचा चेहरा पाहून त्याला कार्ड दिलं. नाव ऐकल्यावर मात्र तो एजंट म्हणाला, चेहरा ठेवू, नाव बदलू. अशा रीतीने ह्रांतचा ग्रँट झाला आणि शामलियानचा शॉ. वडिलांनी यावर आदळआपट केली नाही. ते प्रत्येक भाग बघायचे आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचे, "काल कोण झाला होतास?" तो सांगायचा. "दाढी बरी होती," असं म्हणून ते फोन ठेवायचे. एकदा तो तुर्की सरदार झाला, तेव्हा मात्र महिनाभर फोन आला नाही.

ही सगळी जुनी गोष्ट. आई-वडील कधीच गेले. ग्रँटचं लग्न अकरा वर्षं टिकलं आणि भांडण न होता संपलं. आता तो एकोणऐंशी वर्षांचा होता, दोन खोल्यांच्या घरात एकटा राहत होता, सकाळी तासभर चालत होता आणि वर्षाकाठी दोन-तीन कामं मिळाली तरी समाधानी होता.

जूनमधल्या एका मंगळवारी लॉरेनचा फोन आला. इस्पितळाची मालिका, एक भाग, पण काम चांगलं. एका म्हाताऱ्याला झटका येतो आणि तो इंग्रजी विसरतो. पुढे शिकलेली भाषा पार पुसली जाते आणि लहानपणची तेवढी उरते. तो बोलत राहतो आणि इस्पितळात कुणालाच काही कळत नाही.

"आणि ऐक," लॉरेन म्हणाली, "तो आर्मेनियन आहे."

इतक्या वर्षांत जगातल्या सगळ्या जमाती अंगावर चढवून झाल्या होत्या, तेवढी एक, त्याची स्वतःची, राहिली होती.

"येते ना तुला ती भाषा?"

"माझ्या आईची भाषा आहे ती," तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं, आणि लॉरेनने पुढे विचारलं नाही.

त्याला येत होतं ते एवढंच: भात, पाव, खा, ये, जा, गप्प बस, गाढवा, तीन शिव्या आणि अर्धी प्रार्थना. शाळेत पहिल्याच वर्षी पोरांनी त्याच्या बोलण्याची नक्कल केली होती आणि त्या दिवसापासून त्याने घरातही इंग्रजीतच उत्तरं द्यायला सुरुवात केली. शेवटी आईच त्याच्याशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलू लागली. अक्षरं तर तो कधी शिकलाच नाही.

मालिकेची लेखिका तालिन नावाची तरुण मुलगी होती, ग्लेंडेलची, आर्मेनियनच. तिने संवाद पाठवले, त्याच्या सोयीसाठी इंग्रजी अक्षरांत लिहून. फोनवर तिने स्वतःच कबूल केलं की तिच्या घरची बोली पूर्वेकडची, आर्मेनियाच्या राजधानीची, येरेवानची. मालिकेतला म्हातारा मात्र जुन्या फ्रेझ्नोवाल्यांपैकी आहे, तुर्कांनी ज्यांच्या आईबापांना हाकललं त्यांच्यातला, त्याची बोली पश्चिमेकडची हवी. "तुमच्या घरात जुनं कुणी आहे का, तपासून द्यायला?" तिने विचारलं.

"बहीण आहे," ग्रँट म्हणाला. "बऱ्यापैकी जुनी आहे."

झाबेल त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. छत्तीस वर्षं तिने प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आईचं दुखणं काढलं, मग तेरा वर्षं वडिलांचं म्हातारपण काढलं. बाग आता दुसऱ्याला कसायला दिली होती, पण ती राहत होती त्याच घरात. नाताळ आणि ईस्टरला दोघांचा फोन व्हायचा. ग्रँट दोन-तीन वर्षांतून एकदा जायचा, जेवायचा आणि दिवसाउजेडीच परत निघायचा. भांडण असं कधी झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला कधीकधी वाटायचं.

तो चार तास गाडी चालवून फाउलरला पोचला, तेव्हा झाबेल दारातच उभी होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, काठीसारखी सरळ.

"सामान आणलंयस," ती त्याच्या बॅगेकडे बघून म्हणाली. "म्हणजे राहणार?"

"आठ दिवस. चालेल ना?"

"खोली तुझीच आहे. मी शिलाई मशीन ठेवलंय, ते हलव."

जेवण झाल्यावर तिने चष्मा लावून कागद वाचले. म्हाताऱ्याचं पानभर भाषण होतं. त्यात डोंगर होते, पूर्वज होते आणि तीन ठिकाणी डाळिंबं होती. झाबेलने कागद टेबलावर ठेवले.

"मरायला टेकलेला माणूस डाळिंबांवर भाषण करतो होय? तो विचारेल, गॅस बंद केला का. कुत्र्याला जेवण कुणी घातलं. घराची किल्ली कुणाकडे आहे."

ग्रँट म्हणाला की लिहिणं आपल्या हातात नसतं, आपण फक्त म्हणायचं. झाबेल म्हणाली, मग मला फोन लावून दे. पाऊण तास ती तालिनशी आर्मेनियनमध्ये बोलली, मधे दोनदा आवाज चढला, शेवटी तो उतरला. फोन ठेवून ती म्हणाली, "पोरगी शहाणी आहे. तिचा आजोबाही इस्पितळात किल्लीच मागत होता म्हणे. बदलते म्हणाली."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शिकवणी सुरू झाली. झाबेलने त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, समोर खारवलेली द्राक्षाची पानं आणि भाताचं सारण ठेवलं आणि सांगितलं की हात चालू राहिले की जीभ सैल होते. एक पान गुंडाळायचं, एक वाक्य म्हणायचं. चुकलं तर दोन्ही पुन्हा. दुसरीच्या वर्गाला शिकवावं तसं ती शिकवत होती, रागावत नव्हती आणि सोडतही नव्हती.

"हा उच्चार कुठला?" तिने एकदा विचारलं.

"कुठला म्हणजे?"

"घशातून काहीतरी काढलंस ते."

ग्रँटने जरा विचार केला. "शेखाचा असेल."

"शेखाला घरी पाठव. आई कशी बोलायची तसं बोल."

तो प्रयत्न करत होता. गंमत अशी, की शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नसला तरी चाल कानात होती. वाक्य कुठे उतरतं, प्रश्न कुठे चढतो, आई 'नाही' म्हणताना जीभ कशी टाळ्याला लावायची, हे सगळं त्याच्यात कुठेतरी होतंच. चौथ्या दिवशी तो म्हाताऱ्याचं अर्धं भाषण न अडखळता म्हणू लागला. झाबेलने शाबासकी दिली नाही, पण दुपारी कॉफीबरोबर स्वतः केलेला गोड पाव पुढे ठेवला.

सहाव्या दिवशी ते शेवटच्या ओळीपाशी आले. म्हातारा नर्सला म्हणतो, मी एकटा आहे. झाबेलने शब्द फोडून सांगितला: मिनाग. म्हणजे एकटा.

ग्रँटचे हात थांबले. "हा शब्द मी ऐकलाय."

"ऐकला असशीलच."

"तसं नाही. आईकडून ऐकलाय. शेवटच्या वेळी."

मग ग्रँटने जे बेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

एक्क्याऐंशी साली फेब्रुवारीत आईला झटका आला. तिचंही इंग्रजी तेव्हा गेलं. थोडंसंच होतं, तेही गेलं. ग्रँट ॲरिझोनात काम करत होता, दरोडेखोराचं. दोन दिवसांची सुट्टी काढून तो धावत आला. एका दुपारी झाबेल औषधं आणायला गावात गेली, वडील बागेत होते, आणि तो एकटाच आईच्या खाटेशी बसला होता. तेव्हा आई बोलायला लागली. त्याचा हात धरून ती बराच वेळ बोलली. मधे रडली, मधे हसली. त्याला काही म्हणता काही कळलं नाही. 'थांब, झाबेल येऊ दे,' असं सांगायलाही त्याच्याकडे शब्द नव्हते.

"तू आल्यावर मी तुला सांगितलं की आई छान बोलली," तो म्हणाला. "काय बोलली ते तू विचारलंस. मी म्हणालो, जुन्या आठवणी."

"आठवतंय."

"मला लाज वाटली, झाबेल. सदतिसाव्या वर्षी आईचं बोलणं कळत नाही, हे कसं सांगणार होतो?"

झाबेलने हातातलं पान खाली ठेवलं. "त्यातलं काही लक्षात आहे?"

लक्षात होतं. माणसं डोळ्यांनी लक्षात ठेवतात, नट कानांनी ठेवतो. अर्थ न कळणाऱ्या भाषेतले संवाद आवाजावरून पाठ करायची त्याला आयुष्यभराची सवय. आईने एक गोष्ट तीनदा सांगितली होती, आणि ती त्याच्या कानात जशीच्या तशी राहिली होती. त्याने डोळे मिटले आणि म्हटलं, आईच्याच चालीत, "झान मिनाग मी त्स्केर. गिरागी गिरागी येगूर."

झाबेलने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शेवटचा शब्द मला येत होता," ग्रँट म्हणाला. "येगूर, ये. मला वाटलं ती जवळ ये म्हणतेय. मी खाली वाकलो, कान तिच्या तोंडापाशी नेला."

"गिरागी म्हणजे रविवार," झाबेल म्हणाली. "एकटं सोडू नकोस, असं म्हणाली ती. दर रविवारी येत जा."

"कुणाला एकटं सोडू नकोस?"

"ते सांगता येत नाही. आपल्या भाषेत तो आणि ती एकच. बाबांबद्दल म्हणाली असेल."

"किंवा तुझ्याबद्दल."

"किंवा माझ्याबद्दल," झाबेल म्हणाली. मग तिने विचारलं, "तू काय केलंस त्यावर?"

"मान हलवली. तिन्ही वेळा."

"म्हणजे हो म्हणालास."

"हो."

झाबेल उठली. पातेलं स्वच्छ होतं तरी तिने ते घासायला घेतलं. पाठमोरीच उभी राहून ती बराच वेळ घासत राहिली. ग्रँटने आणखी एक पान घेतलं आणि ते नीट गुंडाळता येईना म्हणून तसंच हातात धरून बसला.

"मला वाटायचं, तुला यायचंच नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"तेही होतं थोडं," ग्रँट म्हणाला. "इथे आलो की मला कुणीतरी असल्यासारखं वाटायचं नाही. तिकडे निदान कुणी ना कुणी असायचो."

ती वळली. डोळे कोरडे होते, पण आवाज नेहमीचा नव्हता. "तुला एक सांगते. तोवर रोज संध्याकाळी आई मला विचारायची, ह्रांतशी बोलायचंय, ह्रांत कुठाय. त्या दिवसानंतर तिने कधी विचारलं नाही. दोन चमचे दही खाल्लं आणि झोपली. मी म्हटलं, लेकाने काय जादू केली कोण जाणे. शेवटचे चार दिवस तिचे असे शांत गेले. आज कळलं, तू शब्द दिला होतास."

"न कळता."

"तिला कुठं माहीत होतं ते?"

ती परत येऊन बसली, त्याच्या हातातलं पान घेतलं आणि गुंडाळून ताटात ठेवलं. "बेचाळीस वर्षांचे रविवार," ती म्हणाली, "मनातल्या मनात मी तुला काय काय म्हटलंय, ते तुला आर्मेनियन येत असतं तरी सांगितलं नसतं." मग ती म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून म्हण, आणि शिकवणी पुढे सुरू झाली.

चित्रीकरण पुढच्या आठवड्यात होतं. सकाळी साडेसहाला ग्रँट स्टुडिओत पोचला, इस्पितळाचा झगा चढवला आणि खोट्या खाटेवर पडला. डॉक्टरचं काम कोल्बी नावाचा देखणा, सालस तरुण करत होता. संवाद एकट्या ग्रँटचे. कोल्बीने फक्त ऐकायचं होतं. दिग्दर्शिकेने खूण केली आणि ग्रँट बोलू लागला. गॅस बंद केला का, कुत्र्याला कुणी खायला घातलं, किल्ली कुणाकडे आहे. तालिन कॅमेऱ्याच्या मागे उभी होती. सेटवर त्याचे शब्द समजणारी ती एकटीच.

कोल्बी खाटेच्या काठावर बसला होता. त्याने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि फार मायेने मान हलवली.

ग्रँट बोलता बोलता थांबला. इतक्या वर्षांत चालू प्रसंग त्याने स्वतःहून कधी तोडला नव्हता. वाघ सुटला असता तरी तो दिग्दर्शकाची वाट बघत थांबला असता. त्याने सगळ्यांची माफी मागितली आणि कोल्बीला म्हणाला, "बाळा, तुला मी काय बोलतोय ते कळतंय का?"

"नाही, सर. आर्मेनियन मला कुठून येणार?"

"मग मान हलवू नकोस."

"मला वाटलं, त्याला धीर द्यावा."

"धीर मिळतो, मी नाही म्हणत नाही. पण तुला पुढची चाळीस वर्षं कळत नाही, तू कशाला हो म्हणालास. कळत नाहीये, तर कळत नाहीये असाच बैस. बघत राहा माझ्याकडे."

कोल्बीने दिग्दर्शिकेकडे बघितलं. तिने जरा विचार करून मान डोलावली, तसंच करून बघू म्हणाली. दुसऱ्या वेळी कोल्बी नुसता बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी कसनुसं हसू आलं, मग तेही गेलं आणि तो खरोखरच भांबावला. म्हातारा बोलतोय आणि याला काही करता येत नाही. ग्रँट शेवटच्या ओळीपर्यंत आला, मी मिनाग आहे म्हणाला, आणि कोल्बी उठून दाराकडे धावला, कुणाला तरी बोलावून आणायला. हे कागदावर नव्हतं. दिग्दर्शिकेने ते तसंच ठेवलं.

नंतर तालिन खाटेपाशी आली आणि त्याच्याशी आर्मेनियनमध्ये काहीतरी बोलली. त्याला निम्मं कळलं. उरलेलं निम्मं कळलं नाही, आणि तसं त्याने तिला सांगितलं. ती हसली आणि सावकाश पुन्हा म्हणाली.

तो भाग ऑक्टोबरमध्ये लागला. झाबेलने तो रेकॉर्ड करून दोन दिवस राखून ठेवला आणि रविवारी दुपारी चर्चमधल्या चार म्हाताऱ्या बायकांना बोलावून सगळ्यांबरोबर बघितला. ग्रँट मागच्या खुर्चीत बसला होता. बायका रडल्या, एकीने त्याच्या गालाचा मुका घेतला. झाबेल म्हणाली, किल्ली शब्दावर जीभ घसरली, बाकी ठीक.

वर्तमानपत्रात त्या भागाबद्दल दोन ओळी आल्या, त्यात त्याचं नाव होतं. लॉरेनला वाटलं, आता रांग लागेल. रांग काही लागली नाही. नोव्हेंबरमध्ये एक बल्गेरियन खाटीक मिळाला, तीन वाक्यांचा, आणि तो त्याने मन लावून केला. शनिवारी चित्रीकरण लांबेल म्हणाले, तेव्हा त्याने आधीच सांगून टाकलं की रविवारी मला जमणार नाही.

कारण रविवारी तो फाउलरला जायचा. चार तास जाणं, चार तास येणं. लॉरेन म्हणाली, या वयात हे वेड बरं नव्हे. झाबेल तर पहिल्या महिन्यात वैतागलीच. म्हणाली, आई म्हणाली होती खरी, पण माझी रविवारची पत्त्यांची मंडळी असते, तुझं काय करू? मग तिने त्याला चर्चच्या मागच्या खोलीत चालणाऱ्या अक्षरवर्गात घातलं. वर्गात तिघं होते: एक दाताचा डॉक्टर, आर्मेनियन घरात लग्न करून जाणारी केली नावाची सोनेरी केसांची मुलगी आणि हा. अडतीस अक्षरं. केली सगळ्यात पुढे होती. तिची होणारी सासू कडक होती.

जानेवारीतल्या एका रविवारी तो पोचला, तेव्हा शेतांवर दाट धुकं होतं आणि घराला कुलूप होतं. कुंडीखालची किल्ली घेऊन तो आत गेला. टेबलावर चिठ्ठी होती, आणि ती झाबेलने मुद्दाम आर्मेनियन अक्षरांत लिहिली होती. ग्रँटने कोट काढला, चष्मा पुसला आणि तो वाचायला बसला. पहिली ओळ पाच मिनिटांत सुटली: चर्चमध्ये आहे. दुसरी त्याहून सोपी होती, त्यात भात होता. तिसऱ्या ओळीत शेवटचा शब्द होता आण. काय आणायचं, तो शब्द मात्र लांबलचक होता. सुरुवातीला 'म' होता, मधे 'ग'सारखं काहीतरी, पुढे अक्षरांची नुसती गर्दी. त्याने तो बोटाने तीनदा चाचपला. मीठ नसावं, आर्मेनियनमध्ये मिठाला छोटा शब्द आहे.

मग त्याने भात वाढून घेतला आणि चिठ्ठी ताटाशेजारी ठेवून जेवला. भांडं धुवून ठेवत होता, तेवढ्यात अंगणात झाबेलची गाडी थांबल्याचा आवाज आला. ती आत येऊन हातमोजे काढू लागली.

"आणलंस का?" तिने विचारलं.

"नाही," ग्रँट म्हणाला आणि चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "हा शब्द मला कळला नाही. वाचून दाखव."

झाबेलने खुर्ची ओढली, त्याला शेजारी बसवलं आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.